वासराचा बाप विचारणारे डॉक्टर

डॉ. माधवराव बोरकुटे यांच्याशी माझी पहिली भेट झाली ती एका वाक्यासाठी. भिलाईत कारखाना उभा राहत होता, पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि मी तिथल्याच एका छोट्या साप्ताहिकात काम करत होतो. कामगारांच्या कॅम्पातल्या एका गाईला वाकड्या पायाचे वासरू झाले, ते भट्टीच्या धुराने, अशी बोलवा होती. संध्याकाळी मजकूर छापखान्यात जायचा होता. त्यात पशुवैद्याचे एक वाक्य असावे म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो.

"वासरू पाहिलंत?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मग चला." आणि ते सायकलवर बसून निघालेसुद्धा.

घर भंडाऱ्याकडून आलेल्या एका रिगरचे, म्हणजे अवजड यंत्रे दोरखंडांनी उचलून बसवणाऱ्या कामगाराचे, होते. त्याची आई जनाबाई सुनेला, शारदेला, माहेरी पाठवायला निघाल्या होत्या. दाराशी ट्रंक भरून ठेवली होती. शारदेला सातवा महिना. तिने ग्रहणात भाजी चिरली, तिची सावली गाभण गाईवर पडली, म्हणून वासरू असे झाले. आता पोटातले मूलही तसेच होणार, अशी जनाबाईंची खात्री होती. त्यांना ते आपल्या घरात नको होते.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. ते गोठ्यात बसले आणि वासराच्या पुढच्या पायावरून वरपासून खालपर्यंत बोटे फिरवली.

"शीर आखडली असती तं कामट्या बांधून पाय सरळ केला असता," ते म्हणाले. "इथं हाडच बनलं नाही. हे माह्यानं होत नाही, बाई." मग मान वर करून त्यांनी विचारले, "बाप कोण?"

"कावून जी? माहा पोरगाच न! ड्यूटीवर गेला हाय!" जनाबाई कडाडल्या.

"वासराचा विचारतो, जनाबाई!"

ट्रंकेशी डोळे पुसत बसलेली शारदाही हसली.

गाय जवळच्या उतई गावातल्या एका गुराख्याकडून गाभणच आणली होती. डॉक्टर तसेच उतईला निघाले, मागून मी. गुराख्याने आपला धिप्पाड सांड कौतुकाने दाखवला. त्याच्या कळपात तशाच पायाची आणखी दोन वासरे निघाली. त्यांतले एक तर आदल्या वर्षीचे. त्यांच्या आया आणि जनाबाईंची गाय, तिघीही त्याच सांडाच्या लेकी होत्या, आणि वासरांचा बापही तोच.

"मोर बइला म का खोट हे, डाक्टर साहब?" आपल्या सांडातच खोट आहे का, असे छत्तीसगढीत विचारताना गुराख्याचा चेहरा पडला होता. डॉक्टरांनी त्याच्याच बोलीत सांगितले की दोष तुझा नाही, फक्त बापलेकीची जोडी जमू द्यायची नाही. पुढे त्याच्या संमतीने सांडाचे खच्चीकरण झाले आणि तो गाडीला लागला.

परतताना डॉक्टर पुन्हा जनाबाईंच्या दारी थांबले.

"तिथं मागच्या सालचं एक वासरू असंच हाय. त्याले कोनाची सावली लागली? तवा तुमची सून इथं होती का?"

"नाही जी. तवा तं लगनबी नव्हतं झालं." जनाबाईंनी स्वतःच ट्रंक आत ओढली. "पन पोर झालं का पाहाले येजा."

"मी ढोरांचा डॉक्टर हाय, बाई."

"मंग? हाडं तं समजते न तुमाले!"

त्या आठवड्यात माझा मजकूर छापखान्यात एक दिवस उशिरा गेला आणि त्यात धुराचे नाव नव्हते. दोन महिन्यांनी शारदेला मुलगी झाली. डॉक्टर गेले, इवले पाय चाचपले आणि म्हणाले, "लाथ बरी मारते." ते वासरूही जनाबाईंनी सांभाळले. तीन पायांवर उड्या मारत ते अंगणभर फिरे.

डॉक्टरांबरोबर जाणे सोपे नाही. ते सायकल थांबवत नाहीत आणि मागच्याची वाट पाहत नाहीत. पण शिरा आखडलेल्या दुसऱ्या एका वासराची पट्टी सैल करायला दर तिसऱ्या दिवशी नंदिनी गावापर्यंत जाताना मी त्यांना पाहिले आहे. ज्या घरी गाय नुकती व्यायलेली असते तिथे ते बिनदुधाचा चहा मागतात. कारण सांगत नाहीत, घरच्यांनी ओळखायचे.

आज त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे, दृष्टी आणि ती बोटे अशीच शाबूत राहोत, त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. ही इच्छा निव्वळ त्यांच्यासाठी नाही. एखाद्या सुनेकडे बोट दाखवले जाण्याआधी गोठ्यात जाऊन बसणारा माणूस आपल्या वस्तीला अजून पुष्कळ वर्षे लागणार आहे.