डांबरावरचं सोयाबीन

शनिवार, १८ ऑक्टोबर. मागितलेली रक्कम एक हजार सातशे वीस रुपये. जागा पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगचं ऑफिस. हजर चौघे: सायकल शर्यत समितीचे अध्यक्ष, त्यांचे मेहुणे, टीमचा मॅनेजर आणि मी. जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती माझी मुलगी यवतमाळच्या दवाखान्यात होती. तिच्या खांद्यात धातूची पट्टी आणि सहा स्क्रू बसवून तीन दिवस झाले होते.

आदल्या संध्याकाळी मॅनेजरचा फोन आला होता. "भाऊ, या एकदा. विषय मिटवून टाकू. एक तारखेला करार हायेत." मी गेलो तो या शेवटच्या वाक्यासाठी. मुलगी बावीस वर्षांची. जिनिंगच्या मालकानं मुलींची सायकल टीम काढली होती. सहा जणी, महिना नऊ हजार, सायकल टीमची, राहणं-जेवण टीमचं. माझं मुकुटबनला किराणा दुकान आहे. तिच्या शिक्षणावर, बुटांवर, टायरवर मी काय घातलं ते मला पैशापर्यंत माहीत आहे, पण तो विषय इथं नको. तिचा करार पुढच्या वर्षी राहावा, एवढंच मला त्या खोलीतून घेऊन निघायचं होतं.

टीममध्ये सहा मुली असल्या तरी जिंकायचं एकीनंच, ती मालकाची पुतणी. बाकी पाच जणींनी तिच्या पुढं राहून वारा कापायचा, म्हणजे तिला जोर कमी लागतो, पाणी आणून द्यायचं, शेवटच्या किलोमीटरला बाजूला व्हायचं. पहिल्या करारावर सही करताना मॅनेजरनं हे मला लपवून ठेवलं नव्हतं. "तुमची पोरगी वारा खाईन, पुतणी पेढा खाईन," तो म्हणाला होता. मी हसलो होतो. पगार वेळेवर येत होता.

शर्यत आधीच्या रविवारी झाली. केळापूरहून सुटून मुकुटबनला संपणारी. त्या दिवसांत सोयाबीन काढून झालेलं असतं आणि आमच्याकडे लोक ते डांबरावर वाळत घालतात. अर्धा रस्ता घेतात, कडेला दगड लावतात, गाड्या उरलेल्या अर्ध्यातून जातात. समितीनं आदल्या दिवशी गाडीवर भोंगा लावून गावोगाव सांगितलं होतं की माल उचला. सगळ्यांनी उचलला. शेवटच्या सात किलोमीटरच्या आत एक पट्टा तसाच राहिला. तो अध्यक्षांच्या मेहुण्यांचा. त्यांना उचलायला कोण सांगणार?

मी त्याच पट्ट्याच्या थोडा पुढं उभा होतो, टीमच्या बाटल्या घेऊन. चौघी पुढं निघून आल्या होत्या. सगळ्यात पुढं माझी मुलगी, तिच्या मागच्या चाकाला चिकटून पुतणी, आणि उजव्या अंगाला दुसऱ्या जिल्ह्याच्या टीमच्या दोघी. वळण संपलं आणि समोर सोयाबीन. उजवीकडे मोकळ्या डांबरात आणखी एकीपुरती जागा होती. माझ्या मुलीनं मान वळवून मागं पाहिलं, "उजवीकडून!" असं ओरडली, आणि स्वतः डावीकडे, सोयाबीनमध्ये गेली. बोटभर रुंदीचं टायर आणि त्याखाली गोल दाणा. ती तीन-चार हात सरळ गेली असेल. मग सायकल खालून निघाली आणि ती खांद्यावर आली. कडेच्या दगडाचा आवाज आला की हाडाचा, ते मला अजून सांगता येत नाही.

पुतणीचं पुढचं चाक तिच्या सायकलला घासून वाकलं, पण ती पाय टेकवून उभी राहिली. दुसऱ्या टीमची एक जण पडली, एक पुढं गेली.

टीमची गाडी येऊन थांबली. मॅनेजर उतरून धावत माझ्या मुलीकडे गेला. मला बरं वाटलं. तिचा बूट पॅडलमध्ये अडकला होता. या सायकलींचे बूट तसे अडकवायचेच असतात. त्यानं गुडघ्यावर बसून बूट सोडवला, तिचा पाय हळू बाजूला ठेवला आणि तिच्या सायकलचं पुढचं चाक काढून घेतलं. गाडीतलं जादा चाक आधीच एकीला दिलं गेलं होतं.

"हे घ्या दादा, चांगलं हाय," माझी मुलगी म्हणाली. तिचा एक हात उलटा पडला होता. "हवा बी बरोबर हाय. पाहा ना, ते लोक आले."

ते लोक म्हणजे मागून येणाऱ्या आमच्याच टीमच्या मुली. पुतणीला चाक बसलं, त्यांनी तिला मधे घेतलं, एकट्या पुढं गेलेलीला गाठलं आणि पुतणी पहिली आली. मी हे पाहिलं नाही. मी मुलीजवळ बसून तिच्या केसांतले सोयाबीनचे दाणे काढत होतो. मेहुणे तिथं आले. त्यांनी आधी कडेच्या नालीत सांडलेला माल पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं.

"अजून किती वेळ बसता? उठवा तिले," ते म्हणाले. "मालावर बसून राह्यले तुम्ही."

ऑफिसात बसलेले मेहुणे ते हेच. चहा आला. कोणी दवाखान्याचं विचारलं नाही. ऑपरेशनचे अठ्ठेचाळीस हजार मी भरले होते. ते मीच काढल्यावर मॅनेजर म्हणाला, "ते मालक पाहतीन."

"चाळीस किलो माल नालीत गेला," मेहुणे म्हणाले. "त्रेचाळीस रुपयानं धरा. वरून रगत लागलं. रगताचा माल कोण घेते मले सांगा."

अध्यक्ष मवाळ बोलले. "पोरीचं वाईट वाटते आमाले. पण शेतकऱ्याचं नुकसान झालं हाय ना भाऊ. तुम्ही दुकानदार, तुमाले समजते."

मला खरंच समजत होतं, आणि तिथंच मी फसलो. मी विचारलं, "चाळीस किलो कोणी मोजले?"

"अंदाज हाय."

"अंदाजानं विकता का तुम्ही? तो पट्टा मी पाह्यला. तीस किलोच्या वर गेलं नाही. अन् वाळत घातलं होतं म्हणजे ओलं होतं. ओल्या मालाले वाळल्याचा भाव कायले?"

मेहुणे चिडले. मी ओलाव्याचे पाच किलो वजा करायला लावले. ते दोनवर अडले, मी पाचवरून हललो नाही. पंधरा मिनिटं गेली असतील. शेवटी पंचवीस किलो, त्रेचाळीसनं, एक हजार पंच्याहत्तर ठरले. मॅनेजर खुशीत होता. "भाऊ पक्के हाय," तो म्हणाला. "पैसे आता राहू द्या, मंग पाहू." आणि मला बाहेरपर्यंत सोडायला आला. करार? "काळजी नका करू."

मी तिथून थेट दवाखान्यात गेलो. बायको बाहेर औषध आणायला गेली होती. सहाशे पंचेचाळीस रुपये कसे वाचवले ते मी मुलीला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"भाव तुमीच ठरवला, बाबा?"

"हो. मंग?"

"मंग माल आपल्या गळ्यात पडला. रस्त्यावर ठेवला कोणी, ते तर कोणी विचारलंच नाही ना."

मी म्हणालो की असं काही होत नसतं. ती भिंतीकडे वळू शकत नव्हती, त्या अंगावर टाके होते, म्हणून तिनं डोळे मिटले.

मंगळवारी समितीची बैठक होती. दुसऱ्या टीमच्या प्रशिक्षकानं तक्रार दिली होती: रस्ता मोकळा नव्हता, शर्यत रद्द करून पुन्हा घ्या. तक्रार मानली असती तर पुतणीचा पहिला नंबर गेला असता आणि माल कोणाचा हे लिहावं लागलं असतं. मला बोलावून मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी ठरवून गेलो होतो की भोंग्याचं सांगायचं, पट्ट्याचं सांगायचं.

प्रशिक्षकाचं बोलणं संपल्यावर अध्यक्ष उठले. "सोयाबीन कडेले होतं. पोरगी आपल्या मर्जीनं त्याच्यावर गेली. चुकी झाली, लहान हाय. तिच्या वडिलांनी शेतकऱ्याले भरपाई कबूल केली हाय. तेच बसले हायेत, विचारा. काहून भाऊ, केली का नाही कबूल?"

सगळे वळले. मला खोटं बोलता येत नाही, आणि आकडा चुकीचा राहिलेला मला सहन होत नाही. मी म्हणालो, "केली. पण पंचवीस किलोची."

आधी एक जण हसला, मग बरेच. तो प्रशिक्षकही हसला आणि त्यानं आपले कागद गोळा केले. पट्ट्याचं सांगायला मी तोंड उघडलं, तोवर पुढचा विषय सुरू झाला होता: बक्षिसाच्या ढालीवर कोणाचं नाव आधी.

एक नोव्हेंबरला मी मुलीला घेऊन जिनिंगवर गेलो. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. एरवी मी घालत नाही तो इस्त्रीचा शर्ट तिच्या सांगण्यावरून घातला होता. जुन्या मुलींचे करार पाचच होते. सहावा एका नव्या मुलीचा, तिला मॅनेजरनं आमच्यासमोरच बूट मापून दिले.

"खांदा मोडलेली पुढं लावली," तो मला म्हणाला, "तर पुतणी कोणाच्या मांगं बसन? तुमीच सांगा." आणि मुलीला: "बरी झाली का ये बाई भेटाले."

पहिल्या नंबरचे एकावन्न हजार टीमच्या मुलींत वाटले होते. मुलीनं विचारलं. मॅनेजर म्हणाला की वाटणी पोचलेल्यांची असते आणि तू पोचली नाहीस.

"माह्यं चाक पोचलं ना, दादा," ती म्हणाली.

"चाक टीमचं हाय."

मग मुनीमानं तिचा ऑक्टोबरचा पगार काढला. नऊ हजारांचे दिवसाला तीनशे. बारा तारखेला पडली, म्हणजे बारा दिवस भरले. पडली तो दिवस धरला होता, तेवढं त्यांनी केलं. तीन हजार सहाशे. त्यातून मेहुण्यांचे एक हजार पंच्याहत्तर कापलेले, ते त्यांना दिवाळीआधीच पोचते झाले होते. मुलीच्या डाव्या हातात दोन हजार पाचशे पंचवीस दिले. तिला एका हातानं मोजता येईना, म्हणून मी मोजले. हिशेब मी दोनदा तपासला. बरोबर होता.