चौऱ्याऐंशीवं घर

लालासाहेब शेलार पायरीवर चपला काढून माझ्या दुकानात यायचे आणि मला त्याचाच राग यायचा. साताऱ्यात माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान होतं, देऊळ नव्हतं. पण सैन्यातून सिग्नलचे हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या माणसाला यंत्रापुढे पायताण घालून उभं राहणं जमत नसे. कॉम्प्युटर त्यांना मीच शिकवला. मग त्यांनी उंब्रजला कुणाचा तरी वापरून झालेला एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि लोकांचे अर्ज, लग्नपत्रिका टाइप करून द्यायला लागले.

संध्याकाळी मात्र ते आपल्या गावाचा नकाशा काढत बसायचे. गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला होतं, आता धरणाच्या पाण्याखाली आहे. माणसं चार वाटांना पांगली. त्यांतलं कुणी लग्नाकार्यात भेटलं, की लालासाहेब त्याला धरून माझ्या दुकानात आणायचे आणि त्याच्याकडून घर, गोठा, पाणवठा जागच्या जागी मांडून घ्यायचे. अशी त्र्याऐंशी घरं झाली होती. राहिलं होतं एकच, त्यांचं स्वतःचं.

ते दोन वर्षांचे असताना आई गेली. आत्यानं त्यांना उंब्रजला आणलं. वडील फौजेत. मागं घर पडलं ते पडलंच, पाणी यायच्या कितीतरी आधी. वडिलांनी त्या घराचा विषय कधी काढला नाही. आपण कुठं जन्मलो ते सांगू शकेल असा आता एकच माणूस उरला होता: शेजारी राहिलेले कोंडीबा आबा. वय नव्वदीला टेकलेलं, मुक्काम नातवाकडे, उंब्रजलाच.

आबांना कागदावरचं काही दिसत नसे. पण काळ्या स्क्रीनवर पिवळी घरं उजळली, की काचेला नाक लावून ते बरोबर बोट ठेवायचे. तोंडी विचारलं तर आंब्याच्या वर, धुळाच्या वाड्याच्या खाली, असं म्हणता म्हणता गुंता व्हायचा. म्हणून स्क्रीनच हवा. खालच्या आळीपासून एकेक घर आबांकडून तपासून घेत लालासाहेब क्रमानं वर सरकत होते. "आधी तुमचंच विचारून घ्या की," मी म्हटलं होतं. "न्हाई मॅडम, आपलं शेवटी," लालासाहेब म्हणाले. शिस्तीचा हा अतिरेक मला तेव्हाही पटला नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीला त्यांनी पाटावर कोयता, पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि सगळ्या फ्लॉप्या मांडल्या. हळद-कुंकू वाहिलं, फुलानं पाणी शिंपडलं. दिवाळीनंतर कॉम्प्युटर बिघडला, सगळं पुसून नव्यानं भरावं लागलं. आणि ज्या फ्लॉपीत स्क्रीनच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटासा प्रोग्रॅम होता, तिच्या पत्र्याच्या झाकणाखाली ओलं कुंकू जाऊन बसलेलं. फ्लॉपी वाचली जाईना. ड्रायव्हर नाही, तर कार्ड सोळाच रंग दाखवणार. नकाशाच्या प्रोग्रॅमला दोनशे छप्पन्न हवेत, त्याशिवाय तो उघडायलाच तयार नाही. नकाशा दुसऱ्या फ्लॉपीत शाबूत होता, माझ्या मशीनवर उघडलाही असता, पण आबांना साताऱ्याला आणायचं कसं?

मार्गशीर्षात लालासाहेब माझ्यासमोर उभे होते. अनवाणी.

"फ्लॉपीची पूजा केलीत?" मी ओरडलेच.

"हत्यारं म्हनून समदी मांडली हुती. तिला एकटीला कशी वगळायची?" मग खाली बघत म्हणाले, "आबांनी अन्न सोडलंय, मॅडम."

माझा राग तिथंच विरला. त्यांनी कार्डावरचा नंबर कागदावर सुवाच्य उतरवून आणला होता. तो घेऊन मी इंटरनेटवर शोधायला बसले. कार्ड बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. शेवटी परदेशातल्या कुणा हौशी माणसानं जपून ठेवलेल्या जुन्या फायलींत तो ड्रायव्हर सापडला. फाईल एवढीशी, पण फोनची लाइन अशी, की तास होत आला आणि तुटली. पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्यांदा माझ्या नवऱ्यानं, देवदत्तनं, आत रिसीव्हर उचलला आणि घालवली. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. लालासाहेब दुपारभर स्टुलावर ताठ बसून होते. चहालाही हात लावला नाही. तिसऱ्या खेपेला फाईल उतरली. त्यांनी तिच्या दोन प्रती करून घेतल्या, दोन खिशांत दोन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मीही उंब्रजला गेले. खरं सांगायचं तर त्यांच्या एकट्याच्या हाती ते सोपवायची मला भीती वाटत होती. फ्लॉपी घातली, ड्रायव्हर बसवला, मशीन बंद करून चालू केलं. स्क्रीन काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. मग रंग आले. नकाशा उघडला.

नातवानं आणि शेजाऱ्यानं आबांना खुर्चीसकट उचलून आणलं. अंगात काही उरलं नव्हतं. लालासाहेबांनी वरची आळी मोठी करून दाखवली. आबांनी काचेला नाक लावलं. बोट सावकाश वर गेलं आणि एका तपकिरी ठिपक्यावर थांबलं.

"हितं."

"आबा, त्यो उकिरडा हाय. चार जनांनी सांगितलाय."

"उकिरडा मागनं झाला रं. घर पडल्यावर लोकं शेन-केर टाकाय लागली. आदी हितं तुजं घर हुतं. हितं तुजी आय दळाय बसायची, तू मांडीवर."

तो उकिरडा लालासाहेबांनी स्वतःच्या हातानं रंगवला होता, दोन वर्षांपूर्वी. मला माहीत होतं, तेव्हा मी शेजारीच बसले होते, आणि रंग कुठला द्यायचा ते मीच सांगितलं होतं. मला रडू आलं. लालासाहेबांनी तो ठिपका पुसला. एकदम नाही, थोडा थोडा. मग तिथं पिवळा चौकोन काढला.

"दार कुटल्या अंगाला, आबा?"

"उगवतीला."

दार काढलं. बाकीच्या त्र्याऐंशी घरांवर त्यांनी कर्त्या पुरुषाचं नाव घातलं होतं, अगदी नियमानं. इथं वडिलांचं नाव येईल म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं: तानूबाई.

"काय लिवलंस?" आबांनी विचारलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती.

लालासाहेबांनी त्यांच्या कानाशी वाकून आईचं नाव सांगितलं.