बोट कापलं की टेक्निकल बंद

दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. ह्यांचा डबा मोंढ्यातल्या धान्याच्या दुकानात पाठवायला उशीर झाला होता, म्हणून माझी नजर घड्याळावरच होती. तेवढ्यात आमची मनीषा शाळेतून आली. आठवीचा पहिलाच दिवस. दप्तर न उतरवता म्हणाली, "आई, मी टेक्निकल घेतलं."

टेक्निकल म्हणजे शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठवड्यातून तीनदा लोखंड घासायचं, लाकडाला रंधा मारायचा, भट्टीत सळई तापवायची. चाळीस पोरं आणि तीन पोरी. मी सातवी शिकलेली. मला त्यातलं 'धारदार' आणि 'गरम' एवढंच कळलं, आणि झोप उडाली.

केदारखेड्याहून सासरे आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "शिकू दे. पण पोरीची जात हाय. एक जरी बोट कापलं, त्या दिवशी टेक्निकल बंद. मंग गपगुमान शिवण घ्यायचं."

मनीषाला दहावीनंतर डिप्लोमाला जायचं होतं. ती "बरं आबा" म्हणाली आणि दोन्ही हात फ्रॉकच्या मागे धरून उभी राहिली.

तेव्हापासून शेडमधले किस्से आमच्याकडे साठत चाललेत. ती रोज एक आणते, मी तो गल्लीत सांगते, आणि संध्याकाळपर्यंत तो दुसराच होऊन माझ्याकडे परत येतो. म्हणून खरे तेवढे लिहून ठेवते.

* * *

पहिला माझाच घ्या. पहिल्या प्रॅक्टिकलला मी तिच्या दहाही बोटांना जुन्या धोतराच्या चिंध्या गुंडाळून गाठी मारून दिल्या. आधीच बांधून ठेवलं तर कापायचं काय?

टेक्निकलच्या सरांनी तिच्याकडे बघितलं, हजेरी बाजूला ठेवली. "बेटा, अजून मी शेडचं कुलूपबी उघडलं न्हाई. एवढं कधी लागलं?"

लागलेल्या मुलांनी हत्यार धरायचं नाही, असा तिथला नियम. पोरगी दोन तास बाकड्यावर बसून राहिली. घरी आल्यावर दोन तास माझ्याशी बोलली नाही.

* * *

मग चार महिने ती लोखंडाचा एकच तुकडा कानशीने घासत होती. घासायचा, उजेडासमोर धरायचा, सर मान हलवायचे, पुन्हा घासायचा. शेवटी एक दिवस तो पास झाला आणि घरी आला. तळहाताएवढा चौकोन, आरशासारखा.

मी विचारलं, "ह्याचं करायचं काय?"

"काही न्हाई. चारी बाजूंनी काटकोनात हाय."

सध्या तो लोणच्याच्या बरणीवर असतो. बरणी मात्र गोल आहे, ते तिला बघवत नाही.

* * *

सरांचा किस्सा पोरं त्यांच्यासमोरच सांगतात, म्हणून लिहायला हरकत नाही. भट्टीच्या पहिल्या दिवशी ते सांगत होते, "लाल लोखंडाला कुणीच हात लावत न्हाई. दगा देतं ते काळं. दिसतं थंड, असतं गरम. बिलकुल भरवसा ठेवायचा न्हाई." आणि बोलता बोलता ऐरणीवरची काळी सळई उचलली.

सळई खाली पडली. सरांनी हात बादलीत बुडवला आणि म्हणाले, "असं. लिहून घ्या."

* * *

लाइट आली की प्रॅक्टिकल, गेली की थेरी, अशी त्यांची पद्धत. सहामाहीत थेरीला सगळा वर्ग पास झाला. सर म्हणाले, "माझे उपकार नका मानू. वायरमनला पेढे द्या."

* * *

नववीत पोरांच्या हातात गुण्या आला. काटकोन बघायची लोखंडी पट्टी. त्यानंतर गल्लीत एकही कोपरा सुटला नाही.

शेजारच्या काकूंच्या नव्या घराची वास्तुशांत. पाहुणे जेवून राह्यलेत, आणि मनीषा चौकटीला गुण्या लावून उभी. "काकू, तुमचा दरवाजा उजवीकडं झुकला."

काकू महिनाभर आमच्या दारात आल्या नाहीत. मग स्वयंपाकघराचं काम निघालं. भिंतीवरून हळूच हाक आली, "सुमन, मनीला पाठव गं. मिस्त्री चहाला गेलाय तवर. आणि ती पट्टी आणायला सांग."

* * *

एकदा मात्र खरंच करवत निसटली. डाव्या हाताच्या बोटाला जराशी चीर. आणि त्याच दिवशी आबा दारात.

आम्ही मायलेकींनी काही ठरवलं नाही, पण आबा हातपाय धुवेपर्यंत बोटाच्या पट्टीवरून दोघींनी मिळून मेंदी थापली.

आबांनी हाताकडे बघितलं. "आज काय हाय?"

"नागपंचमी," मी म्हटलं.

"ती होऊन महिना झाला."

"मंग पुढच्या वर्षीची," मनीषा म्हणाली.

आबांनी चहा घेतला. बशी खाली ठेवताना फक्त म्हणाले, "एकाच हाताला येती वाटतं."

* * *

आता दहावी. बोर्डाचं प्रॅक्टिकल आठ दिवसांवर आलं, आणि आबांनी फर्मान काढलं, "चल सुमन, पोरगी काय करते ते डोळ्यानं बघू."

शेडमध्ये मनीषा लोखंड घासत होती. आबा थोडा वेळ बघत राहिले. मग पुढे झाले. "अगं, असं न्हाई. चाळीस वर्षं कुऱ्हाडी पाजवल्यात मी. आण इकडं." आणि कानस घेतली.

सर मागून हळूच म्हणाले, "बाबा, पुढं जाताना दाब द्या. मागं येताना न्हाई."

आबांनी ऐकलं. तुकड्याला गुण्या लावून उजेडासमोर धरला. फट दिसत होती. पुन्हा घासला. पुन्हा फट. पोरांनी आपापली कामं सोडून गोल केला. टोपी निघाली, बाह्या वर गेल्या. मनीषा म्हणाली, "आबा, कडेला धार हाय, तिथं बोट नका..."

रक्त जास्त नव्हतं. मनीषाने औषधाची पेटी आणली, बोट धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली. आबांनी पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे.

बसस्टँडवर केदारखेड्याची गाडी लागली होती. गावातला एक ओळखीचा माणूस खिडकीत बसलेला. आबांनी बांधलेला हात धोतराच्या सोग्यात घेतला आणि खिडकीपाशी गेले.

"घरी निरोप दे. म्हणावं, आबा आज येत न्हाईत. उद्या दहाला शेडमध्ये माझं प्रॅक्टिकल हाय."