लेकराचं उरलेलं

लेकराला हॉटेलात काय खाऊ घालायचं, हे ठरवायची प्रत्येक घराची एक रीत असते. कुणी पोट भरेल ते बघतं, कुणी पोर ज्या चित्रावर बोट ठेवील ते घेतं. आमच्या लिंगायत घरात एकच कसोटी होती: संपेल तेवढंच घ्यायचं. अन्न म्हणजे प्रसाद, तो टाकायचा नाही. अप्पा, म्हणजे माझे वडील, जेवण झालं की ताटात घोटभर पाणी घालतात, बोटांनी ताट धुतात आणि ते पाणी पिऊन टाकतात. लहानपणी मैत्रिणींसमोर मला याची भारी लाज वाटायची.

लातूर नवा जिल्हा झाला, गावात साहेबलोकांची वर्दळ वाढली आणि स्टँडजवळ डोशाचं हॉटेल निघालं. अप्पांनी एकदा आम्हा सगळ्यांना तिथं नेलं. मला आणि माझ्या धाकट्या भावाला मिळून एक डोसा, अप्पांना एक. आईसाठी काहीच मागवलं नाही, आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटलं नाही. लेकरांचं उरेल ते आईचं, हे न बोलता ठरलेलं होतं. आम्ही चिवडून ठेवलेले गार तुकडे तिनं चटणीला लावून खाल्ले आणि "चांगला होता" म्हणाली. आमच्या घरात अन्न वाया जात नाही याचं पुण्य सगळे अप्पांच्या नावावर लावायचे. खरं तर तो सगळा धर्म आईच्या पोटावर चालला होता.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी लग्न होऊन नांदेडला आले. भाऊ अप्पांचं कापडाचं दुकान बघू लागला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते ती भावाच्या मुलीला न्यायला. तिची आई आदल्या दिवाळीच्या आसपास तापाचं निमित्त होऊन गेली होती. पोर तेव्हा पहिलीत होती. घरात दोन पुरुष, नळाला पाणी नाही, टँकर आला की दुकान सोडून धावायचं. नांदेडातही गोदावरी आटली होती, पण निदान आंघोळीपुरतं पाणी मिळत होतं. "उन्हाळाभर ने अक्का, जमलं तर शाळेत बी तिथंच घाल," असं भावानं फोनवर सांगितलं होतं. पोर हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती.

मी दोन दिवस राहिले. घरात पत्रावळ्यांवर जेवणं चालली होती. अप्पांनी मात्र आपलं ताट सोडलं नव्हतं. "बघा, दुष्काळात आमचीच रीत कामाला आली," असं ते ऐटीत म्हणायचे. त्या दोन दिवसांत एक गोष्ट मला खटकली. पोर हट्टानं जास्तीची पोळी वाढून घ्यायची, जास्तीचा भात घ्यायची, आणि अर्धं टाकून उठायची. अप्पा चिडायचे. भाऊ तिची पत्रावळ आपल्यापुढं ओढायचा. आईविना पोर लाडावली, आता आपल्यालाच वळण लावावं लागणार, असा विचार करून मी मनातल्या मनात पदर खोचला.

निघायच्या दिवशी दुपारची एस.टी. होती. जाण्याआधी पोरीच्या आवडीचं काही खाऊ घालावं म्हणून आम्ही चौघं नव्या बर्गरच्या दुकानात गेलो. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी अप्पांनी दोनदा वाचली, मगच पायरी चढले. त्या उन्हाळ्यात ही दुकानं जोरात चालत होती, कारण तिथं सगळं कागदात मिळायचं आणि धुवायला काही लागायचं नाही. साध्या हॉटेलांनी टेबलावर पाण्याचे ग्लास ठेवणं कधीच बंद केलं होतं.

काउंटरच्या वर चित्रं लावलेली. लहान मुलांसाठी एक रंगीत डबा होता: छोटा बर्गर, चार बटाट्याच्या काड्या, फळांचा रस आणि प्लास्टिकची गाडी. मी म्हणाले, "हा डबा घेऊ."

"संपंल तेवढंच घ्या," अप्पा म्हणाले.

"तिला काय पाहिजे ते घ्या," भाऊ म्हणाला. आपल्या लेकीला काय आवडतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ते तिच्या आईला ठाऊक होतं. बापांनी नुसतं विचारायचं असतं, आयांना माहीत असावं लागतं.

पोरीनं खेळण्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं सगळ्यात मोठ्या चित्रावर बोट ठेवलं. दुहेरी बर्गर, मोठा पुडा काड्यांचा.

"अगं बाई, एवढं तुला जातंय का?" मी म्हणाले.

"मला हेच पाहिजे."

"आणि तुला काय?" मी भावाला विचारलं.

"मला भूक न्हाई अक्का. तिचं उरंल ते खाईन की."

पोरीनं बर्गरचे दोन भाग केले. एक भाग नीट खाल्ला. काड्याही साधारण अर्ध्या खाल्ल्या. मग उरलेलं पुढं सरकवून हात पुसले. लाडावलेलं पोर असं मोजूनमापून खात नाही, पण हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

"पुन्हा टाकलंस?" अप्पांचा आवाज चढला. "किती बार सांगायचं माय? अन्न हाय ते!"

भावानं ते आपल्याकडं ओढलं आणि मान खाली घालून खाऊ लागला. पोर त्याच्या हाताकडं बघत होती. शेवटची काडी तोंडात जाईपर्यंत तिनं नजर हलवली नाही.

"माझ्या घरी असं चालणार नाही हं," मी म्हणाले. "नांदेडला आलीस की घेतलेलं सगळं खायचं."

"खाईन ना आत्या. तिथं सगळं खाईन," ती म्हणाली. मग भावाकडं बघून म्हणाली, "पण मग पप्पा काय खातील?"

तिला वाटलं, आम्हाला कळलं नाही, म्हणून तिनं समजावून सांगितलं.

"मम्मी गेल्यापासून पप्पा वाढून घेत न्हाईत. माझं उरलं तरच खातेत. टाकायचं न्हाई म्हणून."

भावाचा चेहरा मला बघवला नाही. दुःखानं त्याची भूक गेली होती, हे मला दिसत होतं. त्याच्या गळ्याची हाडं वर आली होती. पण लेकरानं त्याला जगवायला घेतलंय, हे त्या घरात दोन मोठी माणसं असून कुणाला दिसलं नव्हतं. मला अप्पांचा राग आला, भावाचा आला, आमच्या घराच्या त्या पवित्र नियमाचाही आला. अप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांना पोरासोरांसमोर बोडकं बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

भाऊ उठला. काउंटरवर गेला आणि स्वतःसाठी एक बर्गर घेऊन आला. कुणाचा उरलेला नाही, अख्खा. पोरीच्या समोर बसला आणि खाऊ लागला. पहिला घास तो नुसता चघळत राहिला. मी बाटली पुढं केली. तो घोट घेत, चावत, पुन्हा घोट घेत राहिला. हे तो कशासाठी करतोय ते मला कळत होतं. पोरीनं बिनघोर जावं म्हणून तो जेवत होता, आणि ती जाऊ नये असं त्याच्या मनात होतं.

कागद रिकामा झाला. पोरीनं तो उचलून खाली बघितलं, खालीही काही नव्हतं.

"उद्या बी खाणार?" तिनं विचारलं.

"खाणार."

"वाढून घेऊन?"

"वाढून घेऊन, माय."

ती खुर्चीवरून खाली उतरली. सकाळपासून तिनं हात न लावलेली कपड्यांची पिशवी तिनं स्वतःच खांद्याला अडकवली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "चल आत्या, गाडी चुकंल."