स्लॅबच्या दिवसाची लापशी

लापशीचं पातेलं माझ्या पायांशी होतं. रिक्षा लोणावळ्यातून निघून कार्ला फाट्याकडे चालली होती. खड्ड्यांत हिंदकळू नये म्हणून पातेल्यावर ताट झाकून मी वरून फडकं घट्ट बांधलं होतं. फोन वाजला तेव्हा मला दादाच वाटला. ‘कुटं पोचलीस?’ हे विचारायला त्याचा फोन यायचाच. पण फोन नामदेवचा होता. नामदेव म्हणजे दादाच्या साइटवरचा मुकादम, पहिल्या कामापासून त्याच्यासोबत असलेला. “ताई, तुमी हिकडं येऊ नका,” तो म्हणाला. “भाऊंना कामशेतला दवाखान्यात नेलंय. तिकडंच जावा.” मी विचारलं, काय झालं? “सकाळधरनं पित्त झालंय म्हनत व्हते... मग खालीच बसले.” त्याच्या बोलण्यामागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा वहिनी बाहेरच्या बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर दादाच्या चपला होत्या, सिमेंटने माखलेल्या. कुणी काढून दिल्या असतील तशाच तिने धरून ठेवल्या होत्या. मला बघून ती एवढंच म्हणाली, “गेले गं.” मी म्हणाले, “कुठे गेले?” खरंच, मी असं विचारलं. माझ्या डोक्यात तो दुसऱ्या साइटवर गेला होता.

आज काही आठवडे झाले, तेराव्याचं जेवण झालं, फोटोला हार घातला गेला, तरी माझं मन तिथेच अडलेलं आहे. कारण त्याच सकाळी तो माझ्याशी बोलला होता. “आज आपल्या शाळेचा स्लॅब हाय. गूळ हात राखून घालू नको, मागच्या टायमाला पोरं नावं ठेवत व्हती,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. शेवटचं बोलणं म्हणून माणसाने काही तरी बरं बोलावं की नाही? आमच्या दादाने गुळाचा हिशेब केला. त्याच्या छातीत तेव्हाही दुखत असणार. वहिनी म्हणते, पहाटेपासून त्याला घाम येत होता. जा म्हटलं दवाखान्यात, तर म्हणाला, “स्लॅब होऊ दे, मग जातो.”

सुभाष माझा थोरला भाऊ. गाव आमचं भाजे, घर भातशेतीचं. आयटीआय करून तो एका ठेकेदाराच्या हाताखाली राहिला आणि मग स्वतःची कंपनी काढली. कंपनीला नाव होतं, पाटी होती, लेटरहेड होतं, पण मावळात ते नाव कुणी घेत नसे. ‘सुभाषभाऊंचं काम’ एवढंच म्हणायचे. कामशेतचं दुकानांचं संकुल, उर्स्याकडची गोदामं, लोणावळ्यातलं एक मोठं हॉटेल, गावोगावची समाजमंदिरं आणि शाळा... शाळा तर किती, ते त्यालाही आठवत नसे. शिक्षिका म्हणून मी लोणावळ्यात नोकरी केली, आणि बदली होऊन ज्या शाळेत गेले त्या शाळेचा एखादा तरी वर्ग दादानेच बांधलेला असायचा. मी वैतागायचे. फळ्यावर लिहिताना मागून कुणीतरी बघतंय असं वाटायचं.

त्याचा एक नियम होता आणि तो मावळभर ठाऊक होता. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवायचा नाही. लग्न असो, भांडण असो, पुढारी भेटायला येवो. आणि स्लॅब पुरा झाल्याशिवाय लापशीचं पातेलं उघडायचं नाही. ही लापशी पहिल्या कामापासून आमच्या घरून जायची. आधी आई करायची, मग मी करू लागले. दिवसभर घमेली वाहून माणसं हातपाय धुऊन ओळीत बसायची आणि दादा स्वतः वाढायचा, कमरेत वाकून, एखाद्या वधूपित्यासारखा.

या नियमामागची गोष्ट त्याच्या पहिल्याच इमारतीची आहे. पवनेच्या बाजूला एका गावात बौद्ध वस्तीचं समाजमंदिर होतं. स्लॅब अर्ध्यावर आला आणि वस्तीतली एक म्हातारी वारली. आपल्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. गावात मयत झाली की अंत्यविधी होईपर्यंत नांगर चालत नाही, दुकान उघडत नाही, कुणी कामाला हात लावत नाही. कामावरची सगळी माणसं त्याच वस्तीतली. त्यांनी घमेली खाली ठेवली आणि निघाली. दादाही त्यांच्यासोबत गेला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही, त्या वयात कुणालाच वाटलं नसतं. उरलेला स्लॅब दुसऱ्या दिवशी टाकला. आणि मग मावळचा पाऊस लागला तसा आदल्या दिवसाचं काँक्रीट आणि दुसऱ्या दिवसाचं काँक्रीट जिथे भेटत होतं, त्या सांध्यातून पाणी ठिबकू लागलं. छताला आडवी एक रेघ, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि तिच्याखाली मांडलेल्या बादल्या. वंदनेला बसलेली माणसं रेघेच्या अलीकडे आणि पलीकडे अशी दोन भागांत बसायची. दादाने डांबर लावलं, रसायनं लावली. रेघ काही हटेना. शेवटी पावसाळा सरल्यावर त्याने स्वतःच्या पैशाने सगळा स्लॅब फोडला आणि पुन्हा टाकला. वारलेल्या म्हातारीची सून सखूमावशी त्याला म्हणाली होती, “भाऊ, तुमचं काय चुकलं? मानूस गेला व्हता. काम थांबनारच.” दादाने तिला सांगितलं, “चुकलं कुनाचंच न्हाई, मावशी. पर पावसाला हे कोन सांगनार?”

तेव्हापासून तो स्लॅब थांबवत नसे. आणि तेव्हापासून त्याची दुसरी खोड सुरू झाली. आषाढात झड लागली की तो जीप काढायचा आणि बांधलेल्या प्रत्येक इमारतीत जाऊन नुसता बसायचा. वर छताकडे बघत. शाळेत मागच्या बाकावर, दुकानात गल्ल्याशेजारी, समाजमंदिरात सतरंजीवर. कुणी चहा दिला तर प्यायचा, नाहीतर तसाच उठायचा. एकदा माझाच वर्ग चालू असताना तो चिखलाच्या पायांनी आत आला आणि मागे जाऊन बसला. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी डोळे वटारले, पण त्याचं लक्ष वरच. लोणावळ्याच्या त्या हॉटेलात तर रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, “सर, बुकिंग आहे का?” दादा म्हणाला, “बुकिंग न्हाई, बांधकाम माझं हाय,” आणि पांढऱ्या सोफ्यावर ओल्या पँटनिशी बसला. मालकाने मला फोन करून तक्रार केली होती. मी दादाला झाडलं, तर तो म्हणतो, “तुज्या पोरांची परीक्षा घेतीस न्हवं तू? मग माजी मी घेतो.”

आमच्या गावच्या शाळेचं सभागृह हे त्याचं खूप दिवसांचं मनातलं काम. त्या शाळेत आम्ही दोघं शिकलो. तिथे प्रार्थना व्हायची ती उघड्या अंगणात, आणि पावसाळ्यात चार महिने व्हायचीच नाही. दादा म्हणायचा, चार महिने देवाला सुट्टी देणारी आपली एकच शाळा. सभागृहाची मंजुरी रखडत रखडत आली. त्याने नकाशावर पहिल्यांदा बोट ठेवलं ते स्टेजवर नाही, छतावर. मी म्हणाले, “हे काम पोरीच्या हाती दे, तू आता बस.” मुलगी त्याची आर्किटेक्ट, बंगळुरूला असते. तो म्हणाला, “ह्यो स्लॅब टाकतो, मग बसतो.” त्याची सगळी वाक्यं अशीच असायची. हे होऊ दे, मग ते.

त्या दुपारी दवाखान्यातून आम्ही त्याला गावी आणलं. मी आणि वहिनी गाडीत त्याच्या दोन्ही बाजूंना बसलो होतो. गावात शिरताना रस्ता शाळेच्या पुढून जातो. शाळा जवळ आली आणि मला आवाज ऐकू आला... मिक्सरचा. मला वाटलं कानात घुमतोय. वळणावर बघितलं तर सभागृहाच्या परांचीवर माणसं ओळीने उभी, घमेली हातोहात वर चाललेली. गाडीत माझा भाऊ आडवा पडलेला आणि पलीकडे त्याचं काम चालू! मी काच खाली केली आणि ओरडले, “नामदेव! बंद कर ते! तुला लाज वाटते का?” नामदेव धावत आला. त्याने गाडीच्या आत बघितलं, हात जोडले आणि रडवेल्या तोंडाने म्हणाला, “ताई, सांधा राहील.” एवढंच. आणि मागे वळून गेला. गाडी पुढे निघाली. मागून तो आवाज येतच राहिला. साऱ्या गावाने दुकानं बंद केली होती, चहाची टपरीसुद्धा बंद होती, आणि ज्याच्यासाठी बंद केली होती त्याचाच मिक्सर गावभर ऐकू येत होता.

मुलगी पोहोचायला संध्याकाळ झाली. तोवर अंगणात तो आवाज ऐकत आम्ही बसून होतो. मग तो थांबला, स्लॅब पुरा झाला होता. तिरडी उचलायच्या वेळी कामावरची सगळी माणसं आली, आंघोळ नाही, कपडे बदललेले नाहीत, गुडघ्यापर्यंत पाय राखाडी. नामदेवने खांदा द्यायला हात पुढे केला तेव्हा त्याच्या नखांत सिमेंट वाळलेलं होतं. मी तोंड फिरवलं. रिक्षावाल्याने माझं पातेलं घरी आणून ठेवलं होतं, फडकं जसंच्या तसं बांधलेलं. मयताच्या घरी गोडधोड कोण खाणार? दुसऱ्या दिवशी ते गुरांपुढे गेलं.

नंतर कामावरच्या एका बाईने सांगितलं ते असं. भाऊ गेल्याचा फोन साइटवर आला तशी माणसांनी घमेली खाली ठेवली होती. निघालीच होती. नामदेव शिडीपुढे आडवा उभा राहिला आणि म्हणाला, “भाऊंच्या मयतीपायी भाऊंचा स्लॅब थांबला, तर भाऊच उठून आपल्याला शिव्या घालतील. घ्या घमेली.” ऐकून मला समजलं सगळं, पण राग गेला नाही. आजही तो पुरता गेलेला नाही. मला वाटत होतं, त्याच्यासाठी जगाने क्षणभर तरी थांबायला हवं होतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर छत घातलं त्याच्यासाठी एक छत अर्धं राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? आणि दादावरही राग. काँक्रीट थांबत नाही हे त्याला कळत होतं, मग छातीतलं दुखणं थांबेल असं त्याला कुणी सांगितलं होतं?

मध्ये एकदा मी शाळेवर गेले, कुणाला न सांगता. काँक्रीट पक्कं व्हावं म्हणून स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवलेलं होतं, अगदी भातखाचरासारखं. दादा नेहमी म्हणायचा, आपण भाताची माणसं, बांध घालायला आपल्याला शिकवावं लागत नाही. पाणी काठोकाठ होतं. कुणीतरी रोज भरत होतं. मी शिडीवरूनच परत आले.

मग मागच्या आठवड्यात नामदेवचा फोन आला. “ताई, स्लॅबखालचं सेंट्रिंग खोलतोय. याल का?” मग तो म्हणाला, “त्या दिशी पातेलं उघडलंच न्हाई.” फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. मग गहू भाजायला घेतले.

मी पोहोचले तेव्हा लोखंडी प्लेटा काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या, टेकू निघाले होते. मी आत शिरले ती थेट वर बघतच. घरून निघतानाच मी मनाशी ठरवलं होतं की ती जागा मी शोधणार. तो खाली बसला ती. माणसं घमेली ठेवून उभी राहिली ती. कुठेतरी खूण असणारच, केसाएवढी का होईना. “नामदेव,” मी विचारलं, “तो गेल्याचा फोन आला तेव्हा काम कुठवर आलं होतं?” नामदेवने वर बघितलं. स्टेजच्या बाजूला गेला, परत आला. “हितं... न्हाई, ह्या बीमच्या पल्याड आसल.” दुसरा एक जण म्हणाला, “न्हाई ओ, तितं. खिडकीच्या अंगाला.” तिसऱ्याने आणखी कुठे बोट दाखवलं. सगळे माना वर करून शोधायला लागले आणि कुणालाच सांगता येईना. वर प्लेटांचे उमटलेले चौकोन होते, एकसारखे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. माझा एवढा भाऊ गेला आणि त्याच्या छताला त्याची खबरही नव्हती. तिथे, सगळ्यांसमोर, मी मोठ्याने रडले. दवाखान्यात रडले नव्हते, स्मशानातून माणसं परतली तेव्हाही नाही.

कुणी मला समजावलं नाही. नामदेव एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला आणि त्याने ती सभागृहाच्या मधोमध ठेवली. “बसा, ताई,” तो म्हणाला. “पावसाळ्यात यावं लागंल तुमाला. भाऊंच्या जागी कोन तरी बसाया पायजे न्हवं?” मी बसले. हातपाय धुऊन माणसं माझ्यापुढे ओळीत बसली. वाढायला कोण उठणार, हे कुणाला सुचेना, तेव्हा मीच उठले, फडकं सोडलं आणि कमरेत वाकून वाढत गेले. शेवटचं पान नामदेवचं होतं. त्याने एक घास घेतला, सावकाश खाल्ला, आणि खाली मान घालून म्हणाला, “ताई, आज गूळ बरोबर हाय.”