एका मशीनवर दोन कोबॉल

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी सातपूरच्या एका कारखान्यात प्रोग्रॅमर होतो. मनमाडहून रोज रेल्वेने यायचो. कारखान्यात कॉम्प्युटर एकच, आणि त्यावर काम करणारे दोघे. मी, आणि गंगापूर रोडला राहणारा, माझ्याहून सात वर्षांनी लहान सहकारी. स्टोअर्सचे सगळे प्रोग्रॅम मी कोबॉल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले होते.

एका सोमवारी त्यातल्या एकात किरकोळ बदल करून तो पुन्हा कंपाइल केला, तर स्क्रीनभर चुकाच चुका. शनिवारी मी रजेवर असताना सहकाऱ्याने कोबॉलची नवी आवृत्ती टाकली होती, तीही जुनीच्याच डिरेक्टरीत. जुनी पुसली गेली होती, आणि माझे जुने प्रोग्रॅम नवीला चालत नव्हते. सुट्या भागांची यादी निघेना, म्हणून असेंब्लीचं काम थांबलं. मॅनेजर आले. सगळ्यांदेखत त्यांनी माझी कॉलर धरली, आईवरून शिवी दिली. ते गेल्यावर सहकारी हळूच म्हणाला, "सर, मी..."

मी त्याला बोलू दिलं नाही. टेबलावरचं, कागदांना भोकं पाडायचं लोखंडी पंचिंग मशीन उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. तो खुर्चीसकट कोसळला. पडल्यावरही मी लाथा घालत होतो. दोन शिपायांनी मला ओढून बाजूला केलं, तेव्हा प्रिंटरच्या कागदांवर रक्त सांडलं होतं. एक दात फरशीवर होता.

जुन्या आवृत्तीच्या फ्लॉप्या कपाटात होत्या. ती परत टाकणं अर्ध्या तासाचं काम होतं. ते मला सुचलंही नाही.

दवाखान्यात, ओठाला टाके पडलेला तो कसाबसा बोलला, "शुक्रवारी विचारलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, टाक."

मला आठवलं. गाडी गाठायची होती. मी नीट न ऐकताच होकार दिला होता.

त्याने पोलिसांत तक्रार केली नाही. कारखान्याने मला महिनाभर निलंबित केलं. परतलो तेव्हा त्याने दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या डिरेक्टरींत ठेवल्या होत्या आणि दोन छोट्या बॅच फाइली केल्या होत्या. एक चालवली की मशीन जुनी आवृत्ती घेई, दुसरी चालवली की नवी.

"आता एकीमुळे दुसरी बिघडणार नाही," एवढंच तो म्हणाला.

मी माफी मागितली. "ठीक आहे, सर."

पुढे तीन वर्षं आम्ही त्याच खोलीत काम केलं. मी आत आलो की तो खुर्ची सरकवून भिंतीला पाठ लावून बसायचा.