शुगर झालेल्या कुत्र्याचा स्वयंपाक

वैजापूर सोडलं त्या सकाळी मी काकांच्या पिकअपमध्ये पुढं बसले होते. मांडीवर एक डबा, त्यात बर्फाच्या पिशवीशेजारी रुमालात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली. मागं कांद्याच्या रिकाम्या गोण्यांवर आमचा कुत्रा, टायगर. माझे वडील, अण्णा, ओट्यावरून उतरून आले, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि काकांना म्हणाले, "कुत्र्याला कुठं शुगर असती व्हय? शिकलेल्यांची नाटकं." आई बाहेर आलीच नाही.

घर सोडून गेलेल्यांना लोक विचारतात, कशासाठी गेलात. मी नोकरीसाठी असं सांगते, आणि ते खोटं नाही. संभाजीनगरला एका कंपनीत अकाउंट्सचं काम मिळालं होतं. पण टायगरला बरोबर नेलं त्याचं कारण वेगळं होतं. त्याला रोज दोनदा इंजेक्शन लागतं, ठरलेल्या वेळी, आणि त्याआधी ठरलेलं जेवण. आमच्या घरी जेवण शेतातून माणसं परत येतील तेव्हा होतं. येणारा-जाणारा त्याला बिस्कीट टाकतो. आई तर दूध-भाकरीत गूळ कुस्करून द्यायची, कारण लहानपणी तिनं त्याला तसंच वाढवलं होतं.

डॉक्टरांनी ते सगळं बंद करायला सांगितलं. उकडलेलं चिकन, दुधी, घेवडा, थोडे ओट्स. पनीर आणि सोयाबीन मी करून बघितलं, त्याचं पोट बिघडलं. आणि चिकन आमच्या घरात येणं शक्य नव्हतं. आई-अण्णा दोघंही माळकरी. आई म्हणाली, "गळ्यात माळ हाय माझ्या. घरात ते नको. जितकं जगायचं तितकं जगंल तो." हे म्हणताना ती त्याच्याकडं बघत नव्हती.

संभाजीनगरच्या छावणी भागात खोली मिळाली ती घरमालकीण खालांमुळं. बाकी ठिकाणी कुत्रा नको होता, नाहीतर मांस नको होतं. खालांनी एवढंच विचारलं, "काटता तो नै ना?" मी मराठी मीडियमची मुलगी, हिंदी बोलायला लाजते. चिकनच्या दुकानात 'बोनलेस' एवढा एकच शब्द बोलून मी दुसरीकडं बघत उभी राहायचे. पहिल्यांदा कच्चं चिकन हातात धरलं तेव्हा ओकारी आली होती. आता काही होत नाही. रविवारी आठवड्याचं चिकन आणते, तुकडे करून फ्रीजरमध्ये ठेवते. रोज सकाळी उठून उकडते, दुधी किसते, वजन करते, गार करते, तो संपवेपर्यंत समोर बसते, मग सुई. संध्याकाळी सातला पुन्हा तेच. ऑफिसनंतर कुणी चहाला बोलावलं की मी "घरी काम आहे" म्हणते. आता कुणी बोलावत नाही. टायगरच्या डोळ्यांत दुधासारखा पांढरा पडदा आलाय. तो भिंतीला धरून चालतो आणि बरोबर माझ्या पायाशी येऊन बसतो.

यात एक गोष्ट हातातून गेली, ती म्हणजे घरी राहणं. सकाळच्या एसटीनं जायचं आणि सातच्या आत परत यायचं. दिवाळीलाही तेच केलं. त्याला घेऊन जावं तर त्याचं जेवण उंबऱ्याच्या आत चालत नाही. आई दरवेळी अंथरूण काढून ठेवायची आणि दुपारी मी निघाले की घडी घालायची. हे वाचणाऱ्यांत जे लांबच्या देशांत आहेत त्यांना हे हास्यास्पद वाटेल. माझं घर दीड-दोन तासांवर आहे आणि मी तिथं झोपू शकत नव्हते.

पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. आई आली. दुसऱ्या दिवशी एकादशी होती. मी तापात पडून विचारलं, "टायगरला दिलं का?"

"दिलं की."

आमच्याकडं कुत्र्याला दिलं म्हणजे त्यानं खाल्लं. कुणी समोर बसून बघत नाही. आई चिकनला हात लावणार नाही, हे तापात मला सुचलंच नाही. मी भिंतीला टेकून उठले, त्याला सुई दिली आणि परत पडले. आईनं दिली होती साबुदाण्याची खिचडी. एकादशीला आमच्या घरी चूल उपासाची, तेव्हा कुत्र्यालाही उपास. त्यानं वास घेऊन तोंड फिरवलं होतं आणि ताटली दाराआड तशीच होती.

दुपारी त्याचे मागचे पाय लटपटायला लागले. मान थरथरली आणि तो फरशीवर आडवा झाला. इन्सुलिन गेलं होतं आणि पोटात काहीच नव्हतं.

"आई, साखर! गूळ! काहीही!"

"अगं, तूच तर म्हणती विष हाय ते!"

"आत्ता लाव!"

तिनं पिशवीतला गूळ काढला, पाण्यात भिजवून बोटानं त्याच्या हिरड्यांना चोळत राहिली. तोंडानं विठ्ठल विठ्ठल चालू होतं. थोड्या वेळानं त्यानं मान उचलली. फोनवर डॉक्टर म्हणाले, आता लगेच नेहमीचं जेवण पोटात जायला हवं, ते गेलं की घेऊन या.

मला उभं राहता येत नव्हतं. आवाज ऐकून खाला दारात आल्या होत्या. त्यांनी आईला विचारलं आणि कळल्यावर कपाळावर हात मारला. "आदमी का उपास रहता बाई, कुत्ते का कायकू?" फ्रीजरमधलं चिकन घेऊन त्या खाली गेल्या आणि उकडून घेऊन आल्या. ताटली उंबऱ्याशी ठेवून तिथंच थांबल्या. टायगर उठत नव्हता, त्याला घास भरवावा लागणार होता. खालांना कुत्र्याची लाळ चालत नाही, कपडे नमाजाचे होते. आईला मांस चालत नाही. दोघी ताटलीकडं बघत होत्या.

मी खाटेवरून पाय खाली सोडला. आई म्हणाली, "पड तू." तिनं दोन्ही हातांत प्लास्टिकच्या पिशव्या घातल्या, पण पिशवीच्या हातानं तुकडा मोडेना. मग तिनं पिशव्या काढून फेकल्या, माळ पाठीवर टाकली आणि बोटांनी चिकन कुस्करून त्याच्या तोंडात घालायला लागली. "खा माझ्या राजा. खा बाबा." त्यानं सगळं खाल्लं. खालांनी रिक्षा बोलावली आणि आईच त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

परत आल्यावर तिनं डोक्यावरून अंघोळ केली. उपासाचं काही खाल्लं नाही. केस पुसत म्हणाली, "अण्णांना सांगू नको." मी सांगितलं नाही. तिनंच सांगितलं असणार, कारण पोळ्याच्या आधी अण्णांचा फोन आला. ते मला कधी फोन करत नाहीत.

"पोळ्याला ये. राहायला ये."

"अण्णा, टायगरचं..."

"गोठ्यामागं पत्रा टाकलाय. चूल मांडलीय. घरातलं भांडं न्यायचं नाय, एवढंच."

मी गेले. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जात होता. अण्णा लांब बैलांची शिंगं रंगवत बसले होते, माझ्याकडं पाठ करून. सरपण संपत आलं तसं त्यांनी आणून टाकलं आणि नाक धरून परत गेले.

मी अजूनही थकलेली आहे. टायगर फार दिवस नाही, हे डॉक्टरांनी सांगितलंय. घर म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मोठं काही सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी सात वाजले, त्याचं खाऊन झालं, सुई झाली आणि मला कुठंही परत जायचं नव्हतं. मधल्या खोलीत आईनं अंथरूण घातलं होतं. मी जरा टेकले. नंतर आई जेवायला उठवत होती, पुरणपोळी गार होते म्हणत होती. मला ऐकू येत होतं, पण मी उठले नाही.